खेळयंत्राची निवड आणि वचनाची मुदत

गेमिंग कन्सोल विकत घेणारा गृहस्थ दुकानात पैसे मोजतो ते यंत्राचे. परंतु घरी आणतो ते मुख्यतः एक वचन. टीव्हीखाली ठेवावयाची ती पेटी आपल्या ठिकाणी कितीही वेगवान असली, तरी तिच्यासाठी खेळ निर्माण झाले नाहीत तर ती निरुपयोगी ठरते. आणि ज्या खेळांच्या आशेने ती घेतली जाते, त्यांपैकी पुष्कळसे खेळ खरेदीच्या दिवशी अस्तित्वातच नसतात. पुढील सहा-सात वर्षांत ते निघतील, ते ह्याच यंत्रावर चालतील आणि अन्य कोणाच्या यंत्रावर मिळणार नाहीत, अशी हमी कंपनी आपल्या जाहिरातींतून व डोळे दिपविणाऱ्या चित्रफितींतून देत असते, आणि त्या हमीवर विसंबून खरेदीदार आपली रक्कम तिच्या स्वाधीन करतो. अशा वचनाचे मोल कोणत्या कसोटीने ठरवावे, आणि खेळणारी मुले ज्यांना ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणतात त्या एकाच यंत्रापुरत्या राखून ठेवलेल्या खेळांना निवडीत किती वजन द्यावे, ह्याचा शांतपणे विचार व्हावा, असे मला वाटते.

हा विचार मुंबई-पुण्याच्या सधन वस्त्यांपेक्षा परभणीसारख्या जिल्ह्यात अधिक निकडीचा आहे. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि त्याच्यावरील कित्येक नव्या खेळांची किंमत प्रत्येकी ४,९९९ रुपये होती. मानवत वा सेलूच्या बाजारात कापूस घालून वर्षाचा ताळेबंद मांडणाऱ्या, अथवा कृषी विद्यापीठातील, जिल्हा परिषदेतील वा एखाद्या शाळेतील ठरावीक वेतनावर संसार चालविणाऱ्या कुटुंबास हा खर्च वरचेवर करता येण्यासारखा नाही. मोठ्या शहरातील हौशी तरुण एक यंत्र चुकले तर दुसरे घेतो, किंवा दोन्ही बाळगतो. गंगाखेड, जिंतूर वा पूर्णेच्या घरात मात्र ही खरेदी एकदाच होते, थोरल्या मुलाकडून ती धाकट्याकडे येते, आणि निवड फसली तर फसलेल्या निवडीसह दहा वर्षे काढावी लागतात. ज्याला पुन्हा डाव मांडता येत नाही, त्याने पहिला डाव विचारपूर्वक टाकला पाहिजे.

एकाच यंत्रापुरता खेळ राखून ठेवण्याची ही प्रथा का पडली, हे समजून घेतल्याशिवाय तिचे मोल कळणार नाही. कन्सोल विकून मोठा नफा मिळविणे हा ह्या धंद्याचा मुख्य हेतू क्वचितच असतो. २००६ साली निघालेला प्लेस्टेशन ३ तर आरंभी निर्मितिखर्चाहूनही कमी किमतीस विकला जात होता. खरी प्राप्ती होते ती पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातून. इतरांनी निर्माण केलेल्या खेळांच्या विक्रीतूनही कंपनीचा वाटा वसूल होत असतो. म्हणून ग्राहकाला एकदा आपल्या हद्दीत आणणे, हेच कंपनीचे पहिले काम. १९८० साली अटारी कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा लोकप्रिय खेळ आपल्या घरगुती यंत्रासाठी मिळविला आणि केवळ त्या एका खेळासाठी असंख्य लोकांनी ते यंत्र घेतले, तेव्हापासून हा मार्ग सर्वांना दिसला. पुढे निन्टेंडोने आपल्या यंत्रात कुलूपवजा चिप बसवून, आपल्या परवान्याशिवाय कोणाचाही खेळ त्यावर चालू नये, असा बंदोबस्त केला. म्हणजे एक्सक्लुझिव्ह खेळ हा ग्राहकावर केलेला अनुग्रह नसून मक्तेदारीचे साधन आहे. अशा साधनातून उत्तम कलाकृती निर्माण होत नाहीत असे नव्हे; झाल्या आहेत, आणि त्यांतील काही त्या यंत्राच्याच गुणधर्मांवर उभ्या असल्यामुळे इतक्या सुंदर झाल्या आहेत. परंतु ज्याचा उगम कंपनीच्या हितात आहे, ते हित बदलताच त्याची दिशाही बदलणार, हे ओळखून असावे.

आणि ती दिशा बदलल्याचे दाखले पुष्कळ आहेत. ‘फायनल फँटसी’ ह्या जपानी मालिकेचे पहिले सहा भाग निन्टेंडोच्या यंत्रांवर निघाले होते. ज्याला ही मालिका प्रिय त्याने निन्टेंडोच घ्यावे, हे जवळजवळ दहा वर्षे निर्विवाद होते. परंतु निन्टेंडो ६४ हे नवे यंत्र कार्ट्रिजवरच चालविण्याचा निर्णय झाला, आणि कार्ट्रिज महाग असून तिची धारणशक्ती ६४ मेगाबाइटच्या पलीकडे जात नव्हती, तर स्वस्त सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मावत होते. १९९७ च्या जानेवारीत मालिकेचा सातवा भाग तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी प्रसिद्ध झाला. निर्मात्यांचे निन्टेंडोशी वैर नव्हते; त्यांना मोठा खेळ रचावयाचा होता आणि तो तेथे मावत नव्हता. एवढ्या साध्या कारणाने इतक्या वर्षांची वहिवाट मोडली. तेव्हा ‘ही मालिका नेहमी ह्याच यंत्रावर येते’ हा युक्तिवाद ऐकला की, ती येथे येण्याचे कारण अजून शिल्लक आहे काय, असा प्रतिप्रश्न ग्राहकाने करावा.

परभणी जिल्ह्यातील वाचकास ह्या व्यवहाराचे स्वरूप त्याच्याच भूमीच्या इतिहासावरून चांगले उमगेल. निजामाच्या अमदानीत येथे हाली सिक्का चालत असे. सात हाली रुपयांस सहा कलदार, म्हणजे इंग्रजी हद्दीतील, रुपये असा भाव होता. तेव्हाच्या परभणी जिल्ह्याची उत्तर हद्द वऱ्हाडाला भिडलेली असल्यामुळे, सीमा ओलांडून व्यापार करणाऱ्या प्रत्येकास आपल्या गाठीच्या नाण्याची सत्ता कोठपर्यंत आहे, ह्याचे भान ठेवावे लागे. विशिष्ट यंत्राच्या दुकानातून घेतलेले खेळ हे असेच हाली नाणे होय. त्या रियासतीत त्यांना पूर्ण मोल, हद्दीबाहेर काहीच नाही. आणि सर्व मोल नाणे पाडणाऱ्या सत्तेच्या आयुष्यावर अवलंबून. परंतु ह्या उपमेचा खरा बोध पुढेच आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली, तरी त्याच दिवशी लोकांच्या गाठीचे नाणे मातीमोल झाले नाही. १९५० पासून भारतीय रुपया येथे रूढ होत गेला, आणि हाली सिक्का १९५९ पर्यंत क्रमाक्रमाने चलनातून काढून घेण्यात आला. राज्य बदलले, पण नाण्याला मुदत मिळाली. खेळयंत्राच्या जगात मात्र सत्तांतरानंतर जुने नाणे किती काळ स्वीकारावे, हे ठरविणारा कोणताही कायदा नाही. ते सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर आहे. म्हणून ती मर्जी आजवर कशी वागली, हेच ग्राहकाने सर्वप्रथम तपासावे. पुढे कोणते खेळ येणार, ह्याची यादी कंपनी स्वतः देते. मागील ग्राहकांचे काय झाले, ह्याचे दफ्तर मात्र आपणच उघडावे लागते.

हे दफ्तर उघडले की सेगा कंपनीचे प्रकरण प्रथम डोळ्यांत भरते. मेगा ड्राइव्ह ह्या १९८८ च्या यंत्राने तिने नाव मिळविले. १९९४ च्या अखेरीस त्याच यंत्राला जोडावयाचे ‘३२ एक्स’ नावाचे उपकरण काढले आणि दोन वर्षांच्या आतच ते वाऱ्यावर सोडले. त्याच सुमारास सॅटर्न हे नवे यंत्र आणले आणि तेही अर्ध्यावर आटोपते घेतले. नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत ड्रीमकास्ट आला, तेव्हा तो काळाच्या पुढचा होता, त्याच्यावरील ‘शेनम्यू’सारखे खेळ आजही आदराने आठविले जातात, तरीसुद्धा अमेरिकेतील विक्रीस दीड वर्षही झाले नव्हते, तोच ३१ जानेवारी २००१ रोजी त्याचे उत्पादन थांबविण्याची घोषणा झाली. सेगाने पुढे आपले खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर विकण्यास आरंभ केला, आणि ‘शेनम्यू’चा दुसरा भाग अमेरिकेत २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर निघाला. ड्रीमकास्ट खेळांच्या अभावी पडला नाही. त्याच्यापाशी अनन्य आणि उत्कृष्ट खेळ भरपूर होते. तो पडला तो आधीच्या तीन-चार वर्षांत मोडलेल्या वचनांच्या भाराने आणि कंपनीच्या खालावलेल्या आर्थिक स्थितीने. ज्याने केवळ खेळांची यादी पाहून तो घेतला तो फसला. ज्याने ‘३२ एक्स’ घेणाऱ्यांचे काय झाले हे आधी पाहिले होते, तो सावध राहिला.

निन्टेंडोच्या वी यू ह्या कन्सोलची कहाणी निराळी असली तरी निष्कर्ष तोच. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो निघाला, जेमतेम १ कोटी ३५ लाख विकला गेला, आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. ‘मारिओ कार्ट ८’ हा त्याच्यावरील २०१४ चा उत्तम खेळ २०१७ मध्येच वाढीव रूपात स्विच ह्या नव्या यंत्रावर आला आणि तेथे सहा कोटींहून अधिक प्रतींनी खपला. पण वी यूची चकती स्विचमध्ये चालत नाही. म्हणजे ज्यांनी पडत्या काळात कंपनीवर विश्वास ठेवला, त्यांनाच तो खेळ नव्या यंत्रावर पुन्हा पैसे देऊन घ्यावा लागला. मार्च २०२३ मध्ये वी यूचे ऑनलाइन दुकान मिटले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही थांबली. खेळ टिकला, मालिका वाढली, कंपनी समृद्ध झाली. टिकला नाही तो फक्त पहिल्या ग्राहकाचा हक्क.

ह्याच्या नेमका उलट दाखला प्लेस्टेशन २ चा आहे, आणि तो परभणीच्या वाचकाने बारकाईने पाहण्याजोगा आहे. मार्च २००० मध्ये जपानात निघालेले हे यंत्र जवळजवळ तेरा वर्षे निर्माण होत राहिले आणि जगभर सुमारे सोळा कोटी घरांत गेले. आपल्या पूर्वसूरीच्या, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनच्या, चकत्या ते चालवीत असे. त्यामुळे जुन्या ग्राहकाचा संग्रह त्याच्याबरोबर नव्या घरात आला. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्लेस्टेशन ३ येऊन दोन वर्षे उलटल्यावर, जेव्हा अमेरिका-जपानातील हौशी मंडळींनी हे यंत्र माळ्यावर टाकले होते, तेव्हा भारतात त्याच्यासाठी नवे खेळ निर्माण होऊ लागले. २००९ साली हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज ह्या संस्थेने ‘हनुमान : बॉय वॉरियर’ रचला, त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्रने ‘देसी अड्डा : गेम्स ऑफ इंडिया’ काढून कबड्डी, विटीदांडू आणि पतंगबाजी पडद्यावर आणली, २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्लीतल्या क्रिकेटवर ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ तयार केला. कलादृष्ट्या हे खेळ जागतिक दर्जाचे होते असा दावा मी करणार नाही. पण विटीदांडू खेळून वाढलेल्या मुलाला विटीदांडू पडद्यावर देणारे यंत्र तोवर दुसरे कोणते होते?

ह्यातून एक तत्त्व निघते. कन्सोलचे आयुष्य टोकियो किंवा न्यूयॉर्कमधील प्रकाशनाच्या दिवसापासून मोजण्याची जी रूढी आहे, ती आपल्या उपयोगाची नाही. परभणीत ते यंत्र प्रत्यक्ष पोहोचते, त्याची किंमत आवाक्यात येते, वापरलेल्या चकत्या हातोहात फिरू लागतात आणि देशी निर्माते त्याच्याकडे वळतात, त्या दिवसापासून आपली मोजणी सुरू होते. आपला वाटा यंत्राच्या उत्तरायुष्यात असतो. म्हणून ज्या कंपनीचा सर्व उत्साह पहिल्या तीन वर्षांत संपतो, तिच्या खेळांची यादी कितीही मोहक असली तरी आपल्याला तिचा उपयोग नाही. आणि जी कंपनी उताराच्या काळातही यंत्र जपते, ती आपल्याला खऱ्या अर्थाने लाभते. प्लेस्टेशन ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये आला. तो चार-पाच वर्षांनी, दर उतरल्यावर, ज्यांनी घेतला त्यांनाही ‘ग्रान टुरिस्मो ७’ आणि ‘गॉड ऑफ वॉर : रॅग्नारॉक’ हे २०२२ चे मोठे खेळ नवा कन्सोल न घेता खेळता आले. उशिरा येणाऱ्या ग्राहकाला पंगतीत जागा ठेवणे म्हणतात ते हेच.

देशी निर्मात्यांचा विषय निघाला म्हणून पुण्याच्या ‘राजी’चा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. नॉडिंग हेड्स गेम्स ह्या पुण्यातील छोट्या संस्थेने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ रचला; त्यात दुर्गेचे वरदान लाभलेली एक मुलगी आपल्या भावाच्या शोधात असुरांशी लढते, आणि भोवतालचे महाल व भित्तिचित्रे राजस्थानी व पहाडी परंपरांची आठवण करून देतात. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो प्रथम निन्टेंडो स्विचवर आला आणि इतर यंत्रांवर १५ ऑक्टोबरला पोहोचला. स्विचची अधिकृत विक्री निन्टेंडोने भारतात कधीच सुरू केली नव्हती. येथे ते यंत्र परदेशातून आणवूनच मिळे. म्हणजे महाराष्ट्रात घडलेला खेळ सुमारे दोन महिने अशा एकाच कन्सोलपुरता राहिला, जो महाराष्ट्रातील दुकानात रीतसर विकतच मिळत नव्हता. निर्मात्यांना मी दोष देत नाही. लहान संस्थेला मोठ्या मंचावर प्रथम स्थान मिळणे हा तिच्या अस्तित्वाचा प्रश्न असतो. परंतु अनन्यतेचा करार कोणत्या भूगोलासाठी लिहिला जातो, हे त्यातून स्पष्ट होते. ज्या जिल्ह्याचा त्या करारात विचारच नाही, तेथील ग्राहकाने त्या कराराचा अभिमान का वाहावा?

येथे काही विचारी लोक असे म्हणतील की, ही सर्व चर्चा आता कालबाह्य झाली आहे, कारण एक्सक्लुझिव्हची भिंतच कोसळत आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सोनीने ‘होरायझन झीरो डॉन’ ऑगस्ट २०२० मध्ये संगणकासाठी खुला केला आणि पुढे आपले अनेक प्रमुख खेळ त्याच वाटेने नेले. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले चार खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर देण्याचे जाहीर केले, आणि एप्रिल २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ हा तिचा मानाचा खेळ प्लेस्टेशन ५ वर आला. दुसरीकडे, सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ कन्सोलपैकी केवळ प्लेस्टेशन ५ साठी २३ ऑगस्ट २०२४ रोजी निघाला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. ग्राहकांचे पैसे परत करण्यात आले हे खरे. पण जो खेळ पंधरवडाही टिकत नाही, त्याची अनन्यता कोणी कशाला मिरवावी? तेव्हा कोणतेही यंत्र घ्या, सारखेच, असा ह्या मंडळींचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचे कारण असे की, त्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे. ‘दीर्घकालीन अनन्य पाठिंबा’ असे जे म्हटले जाते त्यात दीर्घकाल हा एक गुण आहे आणि अनन्यता हा दुसरा. खेळ शेजाऱ्याच्या यंत्रावर मिळत नाही, एवढ्याने माझ्या घरातील आनंदात तिळमात्र भर पडत नाही. शेजाऱ्याची वंचना ही माझी प्राप्ती नव्हे. अनन्यतेचा ग्राहकाला होणारा लाभ अप्रत्यक्ष आहे: यंत्र खपावे म्हणून कंपनी स्वतःच्या पदरचे द्रव्य घालून, घाई न करता, काही उत्तम खेळ घडवून घेते. हा लाभ खरा आहे आणि तो मी नाकारीत नाही. परंतु माझा खेळ, माझे यंत्र आणि मी दिलेले पैसे आणखी दहा वर्षांनीही कामास येतील काय, हा प्रश्न भिंत उभी असो वा पडो, कायमच राहतो. किंबहुना भिंत पडू लागल्यावर तोच एक प्रश्न शिल्लक राहतो. आजवर ग्राहक अनन्यतेकडे पाहत राहिला, म्हणून दीर्घकालाचा हिशेब कोणी मागितला नाही.

हा हिशेब किती प्रत्यक्ष आहे, हे पाहावयाचे तर वसमत रस्त्यावरील एखाद्या घराची कल्पना करावी. मे महिन्याची दुपार आहे. मामाने पुण्याहून आणलेल्या खेळाचे वेष्टन मुलाने फोडले, चकती यंत्रात सरकवली, आणि पडद्यावर खेळाऐवजी एक निळी पट्टी सरकू लागली. वडील म्हणतात, ‘‘अरे, सीडी टाकलीस ना आत, मग आता काय मागतंय ते?’’ मुलगा सांगतो, ‘‘अपडेट मागतंय बाबा, चाळीस जीबीचा. आपलं नेट आजच संपून जाईल.’’ मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पट्टी दोन बोटे पुढे सरकते, आणि तेवढ्यात वीज जाते. ह्या घराने चार-पाच हजार रुपये दिले आहेत, वस्तू त्याच्या हातात आहे, तरीही खेळ त्याच्या ताब्यात नाही. ह्यात मुळीच अतिशयोक्ती नाही. २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ ह्या खेळाच्या प्लेस्टेशन ५ च्या चकतीवर सुमारे ७० मेगाबाइटच माहिती होती, उरलेला सर्व खेळ उतरवून घ्यावयाचा होता. २०२५ च्या स्विच २ साठी निघणाऱ्या काही कार्ट्रिजांत खेळ नसतोच, केवळ तो उतरविण्याची किल्ली असते. मार्च २०२२ मध्ये ‘ग्रान टुरिस्मो ७’ चे सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद पडले, तेव्हा एकट्याने घरी बसून खेळणाऱ्यालाही त्या खेळाचा बहुतेक भाग उघडता आला नाही. तीस तास हे तात्पुरते विघ्न होते. ज्या दिवशी असा सर्व्हर कायमचा मिटेल, त्या दिवशी चकतीचे काय मोल राहील, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

ह्या विवेचनावरून निवडीच्या कसोट्या सहज हाती येतात. पहिली कसोटी पूर्ववृत्ताची: नवे यंत्र मागील यंत्राचे खेळ चालविते काय? ह्या बाबतीत कोणाचेच दफ्तर निष्कलंक नाही. प्लेस्टेशन ३ च्या आरंभीच्या यंत्रांत प्लेस्टेशन २ चे खेळ चालत, पुढे खर्च वाचविण्यासाठी ती सोय काढून टाकली. प्लेस्टेशन ४ मध्ये प्लेस्टेशन ३ ची चकती चालतच नाही, कारण दोहोंच्या प्रोसेसरांची रचना सर्वस्वी भिन्न. प्लेस्टेशन ५ मात्र प्लेस्टेशन ४ चे बहुसंख्य खेळ स्वीकारतो. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन काढताना जुन्या खेळांना दार बंद ठेवले होते, पण २०१५ पासून ते परिश्रमपूर्वक उघडले आणि नंतरच्या यंत्रांतही उघडे ठेवले; ह्या एका गोष्टीसाठी ती कंपनी प्रशंसेस पात्र आहे, मग तिचे एक्सक्लुझिव्ह खेळ कमी झाले तरी हरकत नाही. स्विच २ वरही स्विचचे बहुतेक खेळ चालतात, हे वी यूच्या ग्राहकांना मिळाले नव्हते ते सौख्य आहे.

दुसरी कसोटी स्वाधीनतेची. चकतीची सोय असलेले यंत्र दहा हजार रुपयांनी महाग असले तरी जिल्ह्याच्या ठिकाणी तेच स्वस्त पडते. कारण खेळून झालेली चकती मित्राला देता येते, बदलून घेता येते, विकता येते, आणि दुकानाच्या सर्व्हरवरून विकत घेतलेला खेळ ह्यांपैकी कशालाच उपयोगी पडत नाही. तिसरी कसोटी नेट नसताना खेळ चालतो काय ही. आणि चौथी, यंत्र बिघडल्यास अधिकृत हमीखाली ते दुरुस्त होण्याची सोय आपल्या देशात आहे काय ही. ह्या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर, आणि मगच, कोणत्या यंत्रावर कोणते खेळ एकट्याने येतात हा पाचवा प्रश्न विचारावा. त्याला पाचवे स्थान आहे; पहिले नव्हे.

कोणी असा आक्षेप घेईल की, बालपण अल्पकाळ टिकते. आज मुलाला जो खेळ हवा तो आज द्यावा, दहा वर्षांनंतरच्या सर्व्हरची चिंता कशाला? ह्या आक्षेपातील वात्सल्य मला समजते. परंतु ज्या घरात वस्तू एका पिढीत दोन-तीन भावंडांच्या हातून फिरते, तेथे दहा वर्षे हा दूरचा काळ नसतो. आणि ह्याहून व्यापक प्रश्न असा की, खेळ ही आता केवळ करमणूक राहिलेली नाही. कथा, चित्र, संगीत आणि स्थापत्य ह्यांचा मिलाफ तिच्यात झाला आहे, आणि आजच्या मुलांच्या कल्पनाशक्तीवर तिचा संस्कार खोल आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत, असे आढळले. ज्या साहित्याची बहुसंख्य ग्रंथसंपदा वीस-तीस वर्षांत दुर्मिळ व्हावी, त्या साहित्याबद्दल आपण हळहळलो असतो. खेळांबद्दलही हळहळ वाटली पाहिजे. आणि हळहळीवर न थांबता कंपन्यांकडे जाब मागितला पाहिजे.

जाब मागण्याचा उपयोग होतो, ह्याचे प्रमाण आहे. मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणि व्हीटा ह्या आपल्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांनी एवढा विरोध केला की पुढच्याच महिन्यात तो निर्णय मागे घेण्यात आला. मार्च २०२४ मध्ये ‘द क्रू’ ह्या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर मिटून चकतीधारकांच्या हाती काहीच उरले नाही, तेव्हा त्यातून अशा प्रकारांविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. आणि जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात असा कायदा लागू झाला की, ग्राहकास केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे, त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक आयोग आहेत. ह्या चौकटीत एवढीच तरतूद करावी की, खेळयंत्र वा खेळ विकताना तो किती वर्षे चालेल, नेटशिवाय चालेल काय, आणि सेवा मिटविण्यापूर्वी किती मुदतीची नोटीस मिळेल, हे वेष्टनावर मराठीतही छापले जावे. औषधाच्या पाकिटावर मुदत छापणे आपण सक्तीचे केले आहे. ज्या वस्तूचे सर्व मोल मुदतीवरच अवलंबून आहे, तिच्यावर ती छापली जाऊ नये, हे न्याय्य नाही.

तोपर्यंत ही दक्षता ज्याची त्यानेच घ्यावयाची आहे. कन्सोल घ्यावयास निघालेल्या परभणीच्या गृहस्थाने आपल्या मुलाची हौस मोडू नये. त्या हौसेला एक प्रश्न जोडून द्यावा. ‘ह्या यंत्रावर कोणते खेळ येणार आहेत?’ एवढेच न विचारता, ‘ह्या कंपनीच्या मागच्या यंत्रावरचे खेळ आज कोठे आहेत?’ असे मुलाने दुकानात विचारावे, आणि वडिलांनी उत्तर मिळेपर्यंत पैसे मोजू नयेत. असे प्रश्न पुरेशा घरांतून विचारले गेले, तर भव्य घोषणांपेक्षा पाळलेली वचने अधिक खपतात हे कंपन्यांनाही उमगेल. वचन पाळणे फायद्याचे ठरले की ते पाळले जाते, आणि ते फायद्याचे ठरविण्याची सत्ता शेवटी ग्राहकाच्याच हाती आहे.